चंद्रभागाबाईंचे चोवीस वाण

भगवंताने माणसाला पाय दिले ते दोन कामांसाठी: देवाच्या दारी जावे आणि शेजाऱ्याच्या दारी जावे. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतल्या चंद्रभागाबाईंनी पहिले काम निष्ठेने केले. त्यांची काकडआरती चुकली नाही, एकादशी मोडली नाही, आणि कीर्तनाला बसल्या तर टाळांचा शेवटचा नाद विरेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. दुसरे काम मात्र त्यांनी सात वर्षे सोडून दिले होते. आल्यागेल्याला त्या पोटभर वाढत, परंतु स्वतः कुणाच्या घरी पाणीसुद्धा पीत नसत. "आपण द्यावं, घेऊ नये," हे त्यांचे ब्रीद. ऐकायला हे ब्रीद फार थोर वाटते. पण जो सदैव देतो आणि कधीच घेत नाही असा एकच, तो परमेश्वर. आणि त्या पदासाठी आमच्या कॉलनीतून अर्ज मागवलेले नव्हते.

या ब्रीदाचा जन्म एका खणातून झाला. समोरच्या सुलाबाईंच्या रविराजचे लग्न होते. चंद्रभागाबाई तीन दिवस त्या घरी राबल्या. पापड लाटले, हळद फोडली, वऱ्हाडाला वाढले. आणि आहेराच्या वेळी ओळीने बसलेल्या बायकांना साड्या मिळाल्या, चंद्रभागाबाईंच्या ओटीत पडला एक खण. पिवळ्या कागदात गुंडाळलेला, एका चोळीपुरता. त्यांनी तो न उघडता घरी आणला, न उघडता पेटीच्या तळाशी ठेवला, आणि त्या दिवसापासून समोरच्या दाराकडे पाहणे सोडले. पुढे पुढे सगळ्याच दारांकडे. दोन्ही घरांमध्ये आठ पावलांची फरशी होती. ती पुसायला दोघी वेगवेगळ्या वारी बाहेर येत.

त्यांचे यजमान मल्हारीराव. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बत्तीस वर्षे भट्टीपुढे उभे राहून निवृत्त झालेले. जाळासमोर शांत उभे राहण्याची ही विद्या त्यांना संसारात फार उपयोगी पडली.

या दोघांची एकुलती लेक वेदिका. शिकायला म्हणून जर्मनीत श्टुटगार्टला गेली, नोकरीला लागली, आणि तिने योहानेस नावाचा एक उंच, लाजरा, वरणभात हाताने खाऊ शकणारा मुलगा पसंत केला. दोन्हीकडची मने जुळली. मुहूर्त निघाला सत्तावीस डिसेंबरचा. मुलाची आई उर्सुलाबाई, पती वारलेले, शाळेत शिकवणाऱ्या. त्यांनी मानपान मागितला नाही, देणेघेणे मागितले नाही. एकच गोष्ट मागितली: "चोवीस तारखेची, नाताळच्या आदली संध्याकाळ आमच्या रीतीने करू द्या. त्या संध्याकाळी सगळं घर एका खोलीत असतं."

चंद्रभागाबाईंनी आनंदाने होकार दिला आणि लग्नाची तयारी एकटीने करायला पदर खोचला. मल्हारीराव म्हणाले, "अगं, कॉलनीतल्या चार बायका बोलव."

"माझ्या लेकीचं लग्न आहे. उद्या कुणी म्हणायला नको, आमच्या हातांनी झालं."

"देवाच्या हातांनी झालं तर चालेल ना?"

"तुम्ही मांडववाल्याला फोन करा."

डिसेंबरच्या चार तारखेला, बुधवारी, वेदिकाच्या ऑफिसातली एक मुलगी सुट्टीला गावी येताना विहीणबाईंची भेट घेऊन आली. एका लांब दोरीला ओळीने बांधलेल्या चोवीस कापडी पिशव्या. मुठीएवढ्या, लाल नि हिरव्या, हाताने शिवलेल्या, प्रत्येकीवर दोऱ्याने भरलेला आकडा, एकपासून चोवीसपर्यंत. सोबत एक बंद पाकीट.

आता येथे अज्ञानाला दोष देऊ नये, कारण पुढे जे घडले ते ज्ञानामुळेच घडले. पाकीट आले ते लग्नघरचे, म्हणजे पत्रिकेच्या मानाचे. पत्रिका पहिल्यांदा देवापुढे ठेवतात. चंद्रभागाबाईंनी पाकिटाला कुंकू लावले आणि गणपतीपुढे ठेवले, बंदच. आणि पिशव्या? महिना मार्गशीर्ष, दुसऱ्या दिवशी पहिला गुरुवार, महालक्ष्मीचे व्रत, सुवासिनींना हळदीकुंकू. अशा वेळी विहिणीच्या घरून चोवीस पिशव्या येतात, मोजून, आकडे घालून, याचा अर्थ काय तो शेंबड्या पोरालाही कळेल. हे वाण आहे.

"बघा, देश परका, पण रीत कळते बाईला," त्या गहिवरून म्हणाल्या. "एकही कमीजास्त होऊ नये म्हणून आकडे टाकलेत."

गुरुवारची यादी झाली. ती भरली तेवीसवर.

"एक उरतंय," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"ते आपण ठेवू."

"वाण उरवायचं नसतं."

"मग समोरचं दार आठ पावलांवर आहे."

"त्या दारात मी जायची नाही."

"तू कशाला जातेस? मी जातो. मी पेन्शनर, मला कसला आलाय मान."

कुंकवाच्या बोलावण्याला नाही म्हणत नाहीत. सुलाबाई आल्या, सर्वांच्या शेवटी आल्या, दाराशी बसल्या. चंद्रभागाबाईंनी दोरीवरच्या क्रमाने पिशव्या वाटल्या. पहिली पिशवी विमलाबाईंना, चोविसावी सुलाबाईंना. कुंकू लावताना दोघींच्या नजरा एकमेकींच्या कपाळावर होत्या. डोळ्यांपर्यंत कुणीच उतरले नाही.

शुक्रवारी सकाळी वेदिकाचा फोन आला.

"आई, पिशव्या टांगल्यास ना? मागच्या पाच उघड आणि आजची सहावी. आज त्यांच्याकडे संत निकोलसचा दिवस. मुलं बूट पुसून दारात ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ मिळतो."

"बुटात?"

"बुटात."

"खाऊ?"

"आई, ते राहू दे. फक्त लक्षात ठेव, नाताळ येईपर्यंत रोज एकच पिशवी. पुढची चाचपायचीसुद्धा नाही. वाट बघणं हाच त्यांचा सण. पत्रात सगळं लिहिलंय. आणि चोविसावी फार जपून ठेव. सांगणार नव्हते, पण सांगते. तिच्यात योहानेसच्या आजीची अंगठी आहे. विहीणबाईंनी स्वतःच्या बोटातली काढून आत शिवलीय. चोवीसच्या संध्याकाळी सगळ्यांसमोर निघणार, आणि लग्नात मला तीच घालायची. दिसतेय ना समोर?"

चंद्रभागाबाईंनी समोर पाहिले. समोर सुलाबाईंचे बंद दार होते.

"दिसतेय," त्या म्हणाल्या.

खोटे न बोलण्याचा त्यांचा नेम होता. तो महालक्ष्मीच्या व्रताच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेअकराला सुटला.

मल्हारीरावांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "परत मागून आण."

"दिलेलं वाण परत मागू? दिलेलं सौभाग्य परत मागतात का कुठं?"

"मग अंगठी?"

"तिनं उघडून पाहिली असेल. बोटात घालून बसली असेल."

"असं म्हणू नये."

"मग आली का सांगायला? सोन्याची वस्तू चुकून आली असं म्हणायला आली का?"

बाईंना विहिणीचे तोंड दिसू लागले. बोटातली अंगठी काढून देणारी बाई, आणि ती अंगठी हळदीकुंकवात वाटून टाकणारी बाई. एकवीस तारखेला पाहुणे उतरणार होते.

त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि सात वर्षांनी त्या दुसऱ्याच्या दारी गेल्या. पण समोर नाही. पहिल्या मजल्यावर विमलाबाईंकडे. विमलाबाई निवृत्त शिक्षिका. दार उघडून त्यांनी चंद्रभागाबाईंना पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. मीच आलेय."

चहा झाला, सगळी हकिगत झाली. विमलाबाईंनी मान खाली घातली. "चंद्राताई, देवापुढे ठेवली होती हो. पण दालचिनीचा असा वास सुटला. मधाची बिस्किटं होती. आम्ही दोघांनी आरती झाल्याबरोबर खाल्ली." मग त्यांनी एकेकीला फोन केले. नंबर दोन: खाल्ले. नंबर तीन: अक्रोड होते, खाल्ले. नंबर नऊ: लाकडाची चांदणी निघाली, गॅसजवळ लावली. जिव्हाळ्याच्या तेवीस बायका, तेवीस पिशव्या, आणि एकही रात्रीच्या जेवणापर्यंत टिकलेली नव्हती. चोविसाव्या घरी मात्र चंद्रभागाबाईंनी त्यांना फोन करू दिला नाही.

"वाण परत घेता येत नाही," विमलाबाई विचार करून म्हणाल्या, "पण भरता येतं. ज्या दिवसाची पिशवी, तिनं ती भरायची, त्या दिवशी आपल्या दाराला टांगायची. तुम्ही यायचं आणि उघडायची. लेकीला फोटो पाठवायचा. झाला सण."

"मी यायचं? रोज?"

"मग काय पिशव्या चालत येतील?"

असा हा उत्सव सुरू झाला. पहिल्या दिवशी मागची बाकी धरून सहा घरे आणि सहा चहा. त्यानंतर रोज एक दार. जी माउली सात वर्षे कुणाच्या ओट्यावर टेकली नाही, ती आता रोज संध्याकाळी पाच वाजता आकडा शोधत जिने चढू लागली. सातव्या पिशवीत रव्याचा लाडू निघाला. नवव्या पिशवीत दिराच्या मळ्यातले बेदाणे निघाले, चांदणीसकट. दहावीत जळगावच्या माहेरची केळ्याची वेफर्स, आणि पिशवी लहान म्हणून बाकीची किलोभर हातात.

रिकाम्या हाताने कुणी उघडू देत नव्हते आणि रिकाम्या हाताने कुणी परत पाठवत नव्हते. बसल्यावर विषय लग्नाचाच निघे.

"रुखवत कोण करतंय?"

"मीच करतेय रात्री जागून."

"रुखवत आई करते का कधी? आम्ही मेलो का?"

आणि रुखवत नवव्या घरी गेले. अकराव्या घरची सून सटाण्याची. "हळद मनाकडे शे, ताई," हळद दळायचे काम उचलत ती अहिराणीत म्हणाली, "तुम्ही चिंताच नका करू," आणि तिने जाते काढलेसुद्धा. तेराव्या घरी अक्षतांची जबाबदारी गेली, पंधराव्या घरी विहिणीची पंगत. "आपण द्यावं, घेऊ नये" हे ब्रीद चंद्रभागाबाईंनी मोडले नाही; कॉलनीने ते रोज थोडे थोडे करून काढून घेतले, मुलाच्या हातातली सुरी काढून घ्यावी तसे.

तिकडे वेदिका फोटो पाहून गोंधळली होती.

"आई, ही भिंत कुणाची? आपली भिंत गुलाबी नाही."

"उजेड तसा पडलाय."

"आणि काल मागे कॅरमबोर्ड होता."

"बाबांनी आणलाय."

"आई, तू लोकांच्या घरी जातेयस का?"

"तू जेवलीस का?"

दिवस मावळत होते, आकडे चढत होते, आणि चोवीस जवळ येत होता. रोज जिना उतरताना चंद्रभागाबाईंची नजर समोरच्या दारावर जाई. घरोघरी मोकळेपणी हसणारी बाई आठ पावलांच्या फरशीवर थिजून जाई. देव खरा विनोदी. संसाराचा भवसागर तरून जाण्याच्या गोष्टी आम्ही कीर्तनकार व्यासपीठावरून सांगतो. इथे एक फरशी ओलांडवत नव्हती.

वीस तारखेला, पाहुणे उतरण्याच्या आदल्या दुपारी, त्यांनी ती ओलांडली. कडी वाजवली. सुलाबाईंनी दार उघडले, पाहिले, आणि आत जाऊन पाट मांडला. दोघी बसल्या.

"सुलाबाई, त्या गुरुवारची पिशवी."

"हाय की."

"उघडलीत?"

"नाय." सुलाबाईंनी देव्हाऱ्याकडे बोट केले. तिथे अन्नपूर्णेच्या शेजारी हिरवी पिशवी होती, गाठ जशीच्या तशी, वर वाळलेले कुंकू. "तुमच्या घरचं काय म्हणून उघडू? तुम्ही उघडला का माझा खण?"

चंद्रभागाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले ते अंगठी सापडल्याचे, की कशाचे, हे त्यांनाही सांगता आले नसते. ज्या तेवीस जणींनी प्रेमाने घेतले त्यांनी प्रेमाने संपवले. जिने रागाने घेतले, तिने रागाने राखले. भगवंताचा हिशेब माणसाला कळत नाही तो असा.

"तुम्हाला कुणी सांगितलं, मी उघडला नाही म्हणून?"

"सात वर्षं तुमच्या अंगात ती चोळी दिसली नाय. दारातच तर राहते मी."

"बाकीच्यांना साड्या दिल्यात, सुलाबाई. मला खण."

"एक साडी कमी पडली व्हती. परक्या बाईला खण दिला असता तर गाव बोललं असतं. म्हटलं, चंद्रा घरचीच हाय. घरच्या माणसाचा कसला मानपान." सुलाबाई पदराच्या टोकाशी चाळा करीत राहिल्या. "घरची समजले, ते चुकलं."

मग चंद्रभागाबाईंनी अंगठीची गोष्ट सांगितली. सुलाबाईंनी ऐकून घेतली.

"पिशवी परत द्यायची नाय मी," त्या म्हणाल्या. "वाण परत दिलं तर कुंकवाचा अपमान. आकडा चोवीस हाय ना? मग चोवीस तारखेला माझ्या दारात या. विहिणीला घेऊन या. इथंच उघडू."

"तो त्यांचा सण आहे, सुलाबाई. त्यांचं सगळं घर एका खोलीत असतं."

"माझी खोली मोठी हाय."

एकवीसला पाहुणे उतरले. विहीणबाईंनी पहिल्यांदा दोरी शोधली. वेदिकाने आईकडे पाहिले, मल्हारीरावांनी छताकडे पाहिले, आणि शेवटी सर्व सांगावे लागले. वेदिका जर्मनमध्ये सांगत गेली. उर्सुलाबाईंनी शांतपणे ऐकले, चष्मा काढला, आणि खांदे हलेपर्यंत हसल्या. मग एकच प्रश्न विचारला: "उद्याची पिशवी कुणाच्या दारावर आहे?" बावीस आणि तेवीसला जिने चढायला त्या स्वतः गेल्या, आणि दोन्ही घरी चहा घेऊन आल्या.

चोवीसच्या संध्याकाळी सुलाबाईंच्या खोलीत उभे राहायला जागा नव्हती. रीत अशी की झाड आधी कुणी पाहायचे नाही, घंटा वाजली की दार उघडायचे. रोपवाटिकेतून आणलेले कुंडीतले सूचिपर्णी झाड आतल्या खोलीत होते, त्यावर नंबर नऊची चांदणी. विहीणबाईंनी बटाट्याचे थंड सॅलड केले होते. त्यांच्याकडे त्या संध्याकाळी तेच जेवतात, सोबत सॉसेज. महिना मार्गशीर्ष असल्यामुळे सॉसेज आलेच नाही, आणि सॅलड फार गप्प वाटते म्हणून विमलाबाईंनी त्यावर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी घातली. योहानेसने तीनदा वाढून घेतले. त्याची आई ते लक्षपूर्वक पाहत होती.

सुलाबाईंनी देव्हाऱ्यातली घंटा वाजवली. दार उघडले. सगळ्यांनी झाड पाहिले, विहीणबाईंनी त्यांचे एक गाणे म्हटले, आमच्या बायकांनी शब्द न कळता टाळ्यांचा ठेका धरला. मग सुलाबाईंनी हिरव्या पिशवीची गाठ सोडली, अस्तराची शिवण उसवली. अंगठी तळहातावर आली. साधी, पातळ, पिढीभर घासलेली.

चंद्रभागाबाईंनी हात पुढे केला. सुलाबाईंनी मूठ मिटली.

"वाण हाय हे. परत द्यायचं नाय, सांगितलं ना."

सुलाबाई उठल्या, वेदिकाला पाटावर बसवले, कुंकू लावले, डोक्यावर अक्षता टाकल्या, आणि अंगठी तिच्या ओटीत ठेवली.

"आहेर देतेय. सोन्याचा." मग वळून चंद्रभागाबाईंना म्हणाल्या, "बघून घ्या. आता म्हणू नका, सुलाबाईनं खणावर बोळवण केली."

पहिल्यांदा हसले ते मल्हारीराव. वेदिकाने भाषांतर केले, तेव्हा उर्सुलाबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी रिकाम्याच पिशव्या पाठवीन."

घेऊ नये म्हणणाऱ्या बाईला आपल्याच घरी आलेले सोने शेजारणीकडून आहेर म्हणून घ्यावे लागले. आहेर घेतला की परतफेड आली. चंद्रभागाबाई घरी गेल्या, पेटी उपसली, तळाचा पिवळा कागद सोडला. खण अंजिरी रंगाचा होता, काठ नारायणपेठी. सात वर्षांत त्याचा रंग उडाला नव्हता. परंतु सात वर्षांत बाईंचे अंग मात्र भरले होते. पंचवीसला शिंपी म्हणाला, "काकू, पाठ नि पुढचा भाग होईल. बाह्या नाही होणार."

चंद्रभागाबाई फरशी ओलांडून गेल्या आणि जन्मात पहिल्यांदा काही मागितले. "सुलाबाई, बाह्यांपुरतं कापड आहे का?"

"अंजिरी नाय. हिरवं हाय."

"चालेल."

सत्तावीसला मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या, वेदिकाच्या बोटात ती पातळ अंगठी होती. वधूची आई अंजिरी चोळी आणि हिरव्या बाह्या घालून मांडवभर फिरत होती. उर्सुलाबाईंना वाटले, वधूच्या आईने दोन रंगांची चोळी घालायची ही इथली रीत असावी. त्यांनी सुलाबाईंचा हात धरला आणि वेदिकाकरवी विचारले, मुलाच्या आईसाठी कोणते दोन रंग असतात?

सुलाबाईंनी चंद्रभागाबाईंकडे पाहिले. चंद्रभागाबाईंनी सुलाबाईंकडे पाहिले.

"सांग त्यांना," सुलाबाई म्हणाल्या, "आधी सात वर्षं रुसावं लागतं."